पट्ट्यावरचा पंखा, तारेवरचा पंखा

मुंबईहून नाशिकला निघालेली जुनी गाडी कसाऱ्यापर्यंत बिनतक्रार येते. पुढे थळ घाटाची चढण लागली, मालट्रकमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगावं लागलं, की टेम्परेचरचा काटा वर सरकू लागतो. मे महिन्यात बॉनेट उघडून घाटात उभ्या असलेल्या फियाट आणि ॲम्बेसेडर हे एके काळी नेहमीचं दृश्य होतं. त्यात नाशिक साधारण सहाशे मीटरवर, म्हणजे उघड्या भांड्यातलं पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटरचं झाकण दाब धरतं आणि दाबाखाली पाणी उशिरा उकळतं, म्हणून गाडीचं निभावतं; झाकणाचं रबर गेलं की तेवढाही आधार उरत नाही. आजही अशी गाडी हौसेने सांभाळणाऱ्याला गॅरेजात हमखास सल्ला मिळतो, ‘इलेक्ट्रिक फॅन टाकून घ्या.’ सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा भाग या पंख्याच्या इतिहासात सापडतो.

जुन्या गाड्यांत पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो, बहुधा वॉटर पंपाच्या दांड्यावर बसवलेला. इंजिन जेवढं पळेल तेवढा तो पळणार. घाटात किंवा सिग्नलला, जिथे वाऱ्याची सगळ्यांत जास्त गरज, तिथे इंजिन मंद आणि पंखाही मंद. हायवेवर समोरून आपसूक वारा येतो, तिथे मात्र हा पूर्ण जोरात घोंघावतो. शिवाय पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनात वाढते: वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट लागते. ही ताकद पेट्रोल-डिझेलमधूनच जाते.

हे गाडी बनवणाऱ्यांना कळत नव्हतं असं नाही. १९६० मध्ये आलेल्या प्यूजो ४०४ मध्ये पंख्याला विजेवर चालणारा क्लच होता. पाणी तापलं की तो पंखा पट्ट्याला जोडायचा, एरवी मोकळा सोडायचा. सिलिकॉन तेलाचा व्हिस्कस क्लचही पुढे रुळला. पण पट्टा पूर्ण सुटला तो वेगळ्याच कारणाने. १९५९ च्या मिनीने इंजिन आडवं, म्हणजे गाडीच्या रुंदीच्या दिशेने, बसवलं आणि रेडिएटर इंजिनाच्या टोकाला, चाकाच्या बाजूला कोंबला; पंखा अजून इंजिनावरच. १९६९ च्या फियाट १२८ ने रेडिएटर पुन्हा जाळीमागे आणला. इंजिन आडवंच होतं, त्यामुळे पट्ट्याचा पंखा रेडिएटरकडे तोंड करू शकत नव्हता. म्हणून तिथे मोटर आली. थोडक्यात, हा पंखा गाडी जास्त थंड ठेवायला आला नाही. आडव्या इंजिनाच्या अडचणीतून तो आला.

दुसरी अट विजेची. डायनामो, म्हणजे जुन्या गाड्यांत इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र, मंद इंजिनावर जवळजवळ काहीच देत नाही. १९६० मध्ये क्रायस्लरने व्हॅलियंटवर डायनामोच्या जागी अल्टरनेटर दिला आणि पुढच्या काही वर्षांत तो सर्रास झाला. आयडलवरही बऱ्यापैकी करंट मिळू लागल्यावरच, उभ्या गाडीत विजेचा पंखा फिरवणं व्यवहारात परवडू लागलं.

आपल्याकडे अल्टरनेटर आणि विजेचा पंखा ही जोडी घरोघर पोहोचवली ती डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने. आडवं इंजिन, अल्टरनेटर, थर्मोस्विचवर, म्हणजे पाणी तापलं की लागणाऱ्या स्विचवर, आपोआप सुरू होणारा पंखा. त्याच काळात पद्मिनी आणि ॲम्बेसेडर पट्ट्यावरच चालत राहिल्या. ॲम्बेसेडर तर थेट २०१४ पर्यंत बनत होती. नाशिकच्या रस्त्यांवर जीपचीही मोठी जमात होती. एमएम ५४० सारख्या महिंद्राच्या गाड्यांत प्यूजोचं डिझेल इंजिन असे, पण ४०४ चा तो क्लच काही सोबत आला नाही. त्र्यंबक आणि वणीच्या वाटेवर भरभरून माणसं वाहणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपनी साध्या पंख्यावरच दिवस काढले. जीपवाल्यांची एक युक्ती मात्र सांगायला हवी: ओढ्यात शिरण्याआधी फॅन बेल्ट उतरवायचा, नाहीतर पंखा सगळं पाणी इंजिनावर उडवतो. तारेवरच्या, म्हणजे विजेच्या, पंख्याला तिथे नुसतं बटण पुरतं.

मारुतीच्या गाड्या भंगारात यायला लागल्या तसा त्यांचा पंखा जुन्या गाड्यांसाठी स्वस्तात मिळू लागला. अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार २०१७ मध्ये हटवला गेला, पण जुना सुटा माल शोधायची नाशिककरांची सवय काही तेवढ्याने गेली नाही.

इथेच अर्धा सल्ला नडतो. जुन्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांतला लुकासचा डायनामो पूर्ण वेगात २२ अँपिअर देतो. त्यातले दहाएक हेडलाइट खातात, तीन-चार वायपर. दीडशे वॅटचा पंखा आणखी बारा-तेरा मागतो. पावसाळी रात्री घाट चढताना हा हिशोब बॅटरीच भरते, आणि इगतपुरीला गाडी बंद केली की सेल्फ फिरत नाही. म्हणून आधी अल्टरनेटर, मग पंखा. पंख्याचा जड करंट बटणाऐवजी स्वतःवर घेणारा रिले आणि फ्यूजही हवेतच. पंखा थेट डॅशबोर्डच्या बटणावर घेणारे पाहिले की मला वायरच्या वितळलेल्या इन्सुलेशनचा वास आधीच येतो.

रेडिएटर चोंदलेला असेल तर पंखा कितीही मोठा घ्या, हाती काही लागत नाही. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेल्या रेडिएटरच्या नळ्यांमध्ये क्षारांचा थर असतो. तो आधी रॉडिंग करून, म्हणजे नळ्यांत सळ्या घालून, काढावा लागतो. तीच गोष्ट थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेची. ‘आपल्या हवेत लागत नाही’ म्हणून तो काढून टाकायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, आणि ती मला कधीच पटली नाही. डिसेंबरात निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, तेव्हा थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन नीट तापतच नाही आणि डिझेल जास्त पितं. अशा पहाटे पट्ट्यावरचा पंखा त्याला आणखी गारठवतो. तारेवरचा पंखा तेव्हा स्वस्थ बसतो. नाशिकपुरता त्याचा खरा फायदा मला घाटापेक्षा इथेच जास्त वाटतो. मात्र पंख्याचा थर्मोस्विच निवडताना तो थर्मोस्टॅट उघडण्याच्या तापमानापेक्षा वरचा हवा. थर्मोस्टॅट ८२ चा असेल तर पंखा ९२-९५ ला सुरू व्हावा आणि ८७ च्या आसपास थांबावा. स्विच त्याहून खालचा घेतला तर पंखा सारखा फिरत राहतो आणि मोटरचे ब्रश लवकर झिजतात.

जुन्या ब्रिटिश गाड्यांत आणखी एक खोच आहे. त्यातल्या बऱ्याच पॉझिटिव्ह अर्थच्या असतात, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. मारुतीचा पंखा तिथे मारुतीच्याच वायरिंगप्रमाणे जोडला तर उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याला परत ढकलतो. पंखा रेडिएटरमागे असो वा पुढे, तपासणी सोपी आहे: तो चालू करून जाळीसमोर वर्तमानपत्राचा कागद धरायचा. कागद जाळीला चिकटला तर जोडणी बरोबर, अंगावर आला तर पंख्याच्या दोन वायरींची अदलाबदल करा.