सेंद्रियवाल्यांचा की भौतिकवाल्यांचा?

कोल्हापुरात ‘सेंद्रिय’ म्हटलं की समोरचा गुळाचा भाव विचारतो. त्यामुळे ‘भौतिक सेंद्रिय रसायनशास्त्र’ म्हणजे काय, हे घरी सांगताना पंचाईत होते. सेंद्रिय, म्हणजे कार्बनी, रेणूंच्या अभिक्रिया किती वेगाने आणि कुठल्या वाटेने होतात, याचा हिशेब म्हणजे हा विषय. पण साखरेशी या विषयाचं नातं जुनंच आहे. आम्ल घातलेल्या पाण्यात साखरेचा रेणू किती वेगाने फुटतो, हे १८५० मध्ये पोलॅरिमीटरवर, म्हणजे द्रावण ध्रुवित प्रकाशाला किती कोनातून फिरवतं ते दाखवणाऱ्या उपकरणावर, मोजलं गेलं. गुऱ्हाळावर रसात चुन्याची निवळी टाकतात, त्यातही हीच फूट रोखण्याचा भाग असतो. एमएस्सीची पोरं हा प्रयोग आजही करतात. डोळा लावून दोन अर्धवर्तुळं सारखी करायची आणि कोन लिहायचा. साखर फुटत जाते तसा आकडा उतरत शून्याखाली जातो.

विषयाला हे नाव रूढ झालं ते १९४० च्या एका पाठ्यपुस्तकामुळे. नावातच भांडण होतं. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी शाखा निवडताना ऑरगॅनिकवाल्यांना यातलं गणित नको असतं, फिजिकलवाल्यांना रेणू नको असतात.

खरी बदनामी झाली ती नॉर्बोर्निल कॅटायन या धनभारित कार्बनी आयनाच्या वादाने. त्यातला धनभार एका कार्बनवर न राहता जोडपुलासारखा अणूंमध्ये वाटला गेलेला असतो, असं १९४९ मध्ये मांडलं गेलं. विरोधकांचं म्हणणं, पूल वगैरे काही नाही, दोन साध्या रचना झपाट्याने एकमेकींत बदलतात. पुढे कित्येक वर्षं नुसती खडाजंगी. महाआम्लांतल्या (अतितीव्र आम्लांतल्या) थंड द्रावणांच्या एनएमआरने, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना ताडणाऱ्या तंत्राने, पारडं पुलाकडे झुकलं, आणि स्फटिकाची क्ष-किरण रचना आली ती थेट २०१३ मध्ये. एका आयनापायी एवढी वर्षं फुकट, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. अल्पजीवी आयन पकडून बघायची हातोटी या हट्टातूनच पक्की झाली.

तोवर संगणक आले. संक्रमण अवस्था, म्हणजे अभिक्रियेच्या वाटेवरचा सर्वांत उंच टप्पा, पूर्वी कागदावर अंदाजाने काढायची, ती आता गणिताने काढता येते. म्हणून ‘विषय संपला’ अशी हाकाटी सुरू झाली. एमआयडीसीतल्या प्लांटवर तसं कुणी म्हणणार नाही. फ्लास्कमध्ये निमूट चाललेली अभिक्रिया दोन हजार लिटरच्या रिअॅक्टरमध्ये तापली तर उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. तिथे वेगाचा हिशेब नसेल तर जिवाशी खेळ.

१९३७ मध्ये बेंझोइक आम्लांवरून काढलेले सिग्मा आकडे, म्हणजे रेणूला जोडलेला गट अभिक्रियेवर किती परिणाम करतो ते सांगणारे आकडे, आज मशीन लर्निंगच्या मॉडेलला पुरवले जातात. नोकरीच्या जाहिरातीत मात्र ‘ऑरगॅनिक’ असतं, नाहीतर ‘डेटा’.