पुरानंतर माणसं काहून धावतात

नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडचं नाव काढलं की नरखेडकडची जुनी माणसं आजही गप्प होतात. 30 जुलै 1991 ला वर्धा नदी गावात शिरली, 204 जण गेले. तेव्हा आजूबाजूच्या गावचे लोक धावले ते काही कोणी चिठ्ठी पाठवली म्हणून नाही. हे असं काहून होतं, याचा अभ्यास तिकडे अमेरिकेत बराच आधी सुरू झाला होता.

जुना समज असा, की संकट आलं की लोक सैरावैरा पळतात नाहीतर लुटालूट करतात. चार्ल्स फ्रिट्झ हा अमेरिकन संशोधक दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये होता, इतकी वर्षं बॉम्ब झेललेले लोक पार खचलेले असतील असं त्याला वाटलं अन दिसलं उलटंच, लोक हसतखेळत, एकमेकांना धरून राहत होते. मग 1957 मध्ये त्यानं मॅथ्यूसन या सहकाऱ्यासोबत मांडलं की संकटाच्या जागी माणसांचा लोंढाच येतो, त्यात घरी परतणारे, काळजीनं आलेले, मदत करणारे, नुसते बघे अन फायदा उठवणारे, सगळेच असतात. (बघे आपल्याकडे जरा जास्तच, मोबाईल वर करून.)

1968 मध्ये डार्ली अन लाताने या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की गर्दी असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणी करेल. पण ते अनोळखी गर्दीचं झालं. गावात तुम्ही कोणाचं पोरगं हे सगळ्यांना माहीत, पुरात मदतीला दिसला नाही तर पोळ्यापर्यंत बोलणी खावी लागतात. शिवाय सावडीची सवय जुनीच, आज तुझ्या वावरात उद्या माझ्या. त्यात तुकडोजी महाराजांनी 1935 ला मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला, गाडगेबाबा तर खराटा घेऊनच फिरले, त्यामुळे दुसऱ्याच्या घरातला चिखल काढायची लाज आमच्याकडे कमीच.

पुढं अभ्यासकांत भांडण वेगळंच लागलं, माणूस मदत करतो तो मुळात काहून. चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं, आपलंच मन हलकं व्हावं म्हणून माणूस मदत करतो, बॅट्सन हा दुसरा मानसशास्त्रज्ञ म्हणे नाही, समोरच्याचं दुःख खरंच आपलं वाटतं म्हणून करतो. 1998 मध्ये क्लॅरी-स्नायडर या संशोधक मंडळींनी तर स्वयंसेवक मदत करतात त्याची सहा कारणं काढली, मूल्यं, शिकायला मिळणं, चारचौघांची सोबत, करिअर, मनाचा त्रास टाळणं, स्वतःबद्दल बरं वाटणं, अन एकाच माणसात दोनतीन एकत्र असू शकतात. मला हेच जास्त पटतं.

2022 च्या जुलैत आमच्या शाळेत पूरग्रस्तांसाठी खिचडी शिजत होती. गंजाजवळ, म्हणजे त्या मोठ्या पातेल्याजवळ, जो माणूस उभा होता त्याची स्वतःची चार एकर कपाशी पाण्याखाली होती. म्हटलं काका घरी जा, जरा टेकून घ्या. तर म्हणे, "घरी बसलो का वावरच दिसते बाप्पा डोळ्यापुढं, इथं निदान मीठ किती टाकाचं ते तरी पाहा लागते." आता हा चाल्डिनीचा का बॅट्सनचा, मला काही सांगता आलं नाही. संध्याकाळी गंज मात्र त्यानंच घासला, राखेनं, कोणाला हात लावू न देता.