अधिकचे चिन्ह नेहमीच बेरीज करत नाही

रत्नागिरी, देवगड, राजापूरकडचे काही बागायतदार आता हापूसच्या पेट्या दलालाकडे न पाठवता स्वतःच्या संकेतस्थळावरून थेट गिऱ्हाइकाला विकतात, आणि तेथील मागणीच्या फॉर्ममागचा हिशेब बहुधा जावास्क्रिप्ट या भाषेत लिहिलेला असतो. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत ही भाषा घडवली. तिच्यातील ऑपरेटर, म्हणजे बेरीज, वजाबाकी, तुलना इत्यादींची चिन्हे, शाळेपासूनच्या ओळखीची वाटतात. परंतु यांतल्या काही चिन्हांचे काम त्यांच्या दोन्ही बाजूंना कोणत्या प्रकारची माहिती आहे यावर ठरते, आणि नवशिक्याचा हिशेब फसतो तो बहुतेक वेळा येथेच.

समजा, गिऱ्हाइकाने एका रकान्यात घरासाठी २ आणि दुसऱ्यात मुंबईच्या नातेवाइकांसाठी ३ पेट्या लिहिल्या. रकाना केवळ आकड्यांसाठी राखलेला असला, तरी त्यात लिहिलेले मूल्य सामान्यतः स्ट्रिंग, म्हणजे मजकूर म्हणूनच हाती येते. अधिकच्या चिन्हाच्या एका जरी बाजूला स्ट्रिंग असली, तरी ते चिन्ह बेरीज सोडून जोडणी करते:

"२" + "३" → "२३"

पुढची गंमत अधिक महागात पडणारी आहे. गुणाकाराच्या चिन्हाला (*) जोडणी हा प्रकारच ठाऊक नसल्यामुळे ते या "२३" चे निमूटपणे संख्येत रूपांतर करते, आणि १५०० रुपये दराने ७५०० ऐवजी ३४५०० रुपयांचे बिल तयार होते. पडद्यावर कोणतीही चूक दाखवली जात नाही. म्हणून रकान्यातील प्रत्येक मूल्य आधी संख्येत बदलून घ्यावे आणि मगच हिशेबाला लागावे. (येथे आकडे देवनागरीत छापले आहेत, प्रत्यक्ष कोडमध्ये ते इंग्रजी वळणाचेच लागतात. व्हेरिएबलची, म्हणजे मूल्य ठेवण्याच्या जागांची, नावे मात्र देवनागरीत खुशाल चालतात.)

तुलनेतही हाच घोळ होतो. "९००" > "१२००" हे विधान जावास्क्रिप्ट खरे मानते, कारण दोन स्ट्रिंगांची तुलना डावीकडून एकेका अक्षराने होते आणि ९ हा १ च्या पुढचा आहे.

भागाकाराबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. बाकी काढणारे % हे चिन्ह मात्र बागायतदाराच्या विशेष उपयोगाचे आहे: पेटीत ६० नग बसत असतील, तर ५०० % ६० चे उत्तर २० येते, म्हणजे ८ पेट्या भरून २० आंबे उरतात.

एकेरी = हे चिन्ह तुलना करत नाही, तर मूल्य ठेवते. घरपोच सेवा फक्त जिल्ह्यात मोफत द्यायची असताना अटीत

जिल्हा = "रत्नागिरी"

असे लिहिले, तर नागपूरचे गिऱ्हाईकही रत्नागिरीकर ठरते. कारण ठेवलेली स्ट्रिंग रिकामी नसल्यामुळे अट नेहमीच खरी होते. तेथे तिहेरी === वापरावे. दुहेरी == प्रकार जुळवून घेऊन तुलना करते, आणि माझ्या मते नवशिक्याने त्याच्या वाटेला न जाणेच बरे.

शुल्क ठरलेले नसेल तर १५० धरावे, यासाठी अनेकजण

शुल्क || १५०

असे लिहितात. || हे चिन्ह डावीकडचे मूल्य असत्य असेल तर उजवीकडचे घेते. पण ते शून्यालाही असत्य समजते, त्यामुळे मुद्दाम ० ठेवलेले शुल्कही १५० होते. भाषेच्या २०२० च्या प्रमाणकात आलेले ?? हे चिन्ह मूल्य खरोखरच नसेल तेव्हाच उजवीकडे वळते, आणि शून्याला शून्यच राहू देते.