सर्वसमावेशक संग्रहालय सहल (गोवा)

दृष्टी, श्रवण, हालचाल, बौद्धिक वाढ किंवा स्वमग्नता यांमुळे वेगळ्या गरजा असलेल्या मुलांना आपल्याच वर्गाबरोबर संग्रहालय पाहता यावे, यासाठी शाळेने व संग्रहालयाने केलेली तजवीज. यात ‘आपल्याच वर्गाबरोबर’ हे शब्द महत्त्वाचे. विशेष शाळेची सहल निघते तेव्हा सगळी आखणीच त्या मुलांकडे पाहून होते. सर्वसाधारण शाळेत वर्गात एखादेच असे मूल असते आणि ‘त्याला झेपायचं नाही’ या काळजीच्या वाक्याने ते घरी राहते. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्या मुलाविषयी आहे.

दिव्यांगजन हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले आहे. शिक्षणाबरोबर खेळ व करमणुकीच्या संधीही इतरांच्या बरोबरीने द्याव्यात, असे त्याचे कलम १६ सांगते. कलम २९ कला व संस्कृती सुगम करण्याविषयी आहे. तेव्हा सहल ही शाळेची मेहेरबानी ठरत नाही.

गोव्यातील अडचण बव्हंशी इमारतींची आहे. जुने गोवे येथील पुरातत्त्व संग्रहालय (स्थापना १९६४) फ्रान्सिस्कन मठात आहे, ख्रिस्ती कला संग्रहालय सांता मोनिकाच्या मठात, आणि पणजीत राज्य संग्रहालयाला पाटोवरून हलवल्यावर जागा मिळाली ती आदिलशहाच्या राजवाड्यात. दगडी पायऱ्या, उंच उंबरे, वरच्या मजल्यावरची दालने हे ओघाने आलेच. जुने गोवे येथील संग्रहालयात पोर्तुगीज व्हाइसरॉयांची चित्रे माडीवर आहेत; व्हीलचेअरवरच्या मुलाला ती खालीच छायाचित्रांतून दाखवावी लागतात. ही तडजोड आहे, आणि ती वर्गाने एकत्र बसून केली तरच बरी. जुने गोवे येथील चर्चेस व मठ १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. संरक्षित वास्तूत परवानगीशिवाय तोडफोड करता येत नाही, म्हणून उचलून नेता येणारा उतार वापरणे हा व्यवहार्य मार्ग. उताराचे प्रमाण १:१२ (एक भाग उंचीला बारा भाग लांबी) धरतात. पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्यांना त्या हिशेबाने ५.४ मीटर लांब उतार लागतो. दारात टाकलेली दोन हात लांबीची फळी म्हणजे उतार नव्हे, घसरगुंडी.

अंध मुलांसाठी काचेआडची वस्तू असून नसल्यासारखी. मिरामारच्या विज्ञान केंद्रात हाताळायची उपकरणे असल्याने तिथे शिक्षकाचे काम हलके होते. पण बोटांनी वाचायला उत्तम असा ऐवज गोव्याकडे आधीपासून आहे, तो म्हणजे वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली कोरीव शिळा. त्यातली कथा खालून वर चढते: तळाशी लढाई, मधल्या पट्ट्यात वीराला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे हात जोडलेला वीर. गोव्यातल्या काही वीरगळांवर लढाई जमिनीवरची नसून गलबतांची आहे. मूळ शिळेला शेकडो हात लागणे बरे नाही, पण राळेची किंवा प्लास्टरची प्रतिकृती करता येते. मुलाचा हात तळाच्या पट्टीवर ठेवावा आणि वल्ही, गलबताची नाळ (पुढचे टोक), भाले त्याचे त्यालाच सापडू द्यावेत. डोळस मुलेही मग डोळे मिटून रांगेत उभी राहतात, हा त्यातला न मागता मिळणारा फायदा. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात स्पर्शाने पाहायच्या प्रतिकृतींचे ‘अनुभव’ दालन २०१५ पासून आहे.

बहिऱ्या मुलांसाठी खर्च कमी, शिस्त जास्त. माहिती सांगणाऱ्याने मुलांकडे तोंड करून, चेहऱ्यावर उजेड पडेल असे उभे राहावे. कपाटाकडे वळून बोलू नये. भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी असेल तर आधी बोलणे, मग वस्तू पाहणे असा क्रम ठेवावा, कारण डोळे एका वेळी एकाच ठिकाणी असतात. सत्तरी-पेडण्याकडच्या मराठी प्राथमिक शाळांतली बरीच मुले घरी कोंकणी बोलतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाशी त्यांतल्या घरच्या भाषेत, चार-पाच शब्दांच्या वाक्यांत बोललेले उपयोगी पडते.

स्वमग्न मुलाला अचानकपणा जाचतो. सहलीच्या आठवडाभर आधी बस, दार, तिकिटाची खिडकी, दालन, शौचालय यांचे फोटो क्रमाने दाखवले, की जागा ओळखीची होते. घुमणाऱ्या दगडी दालनात चाळीस मुलांचा कलकलाट त्याला असह्य होऊ शकतो. बाहेर येऊन बसायची एक शांत जागा आधी हेरून ठेवावी. दालने सगळी पाहून झालीच पाहिजेत, हा आग्रह बहुधा शिक्षकाचाच असतो.

आईने सोबत यावे अशी अट काही ठिकाणी घातली जाते. मदतीला जादा माणूस हवा हे खरे. तो पुरवणे शाळेचे काम आहे, आणि आई सोबत आली की मूल पुन्हा वर्गापासून तुटते. बसची पहिली पायरी किती उंच आहे, हेही निघायच्या दिवशी कळून उपयोगाचे नाही.

दिवसाची निवड करताना एक योगायोग ध्यानात ठेवावा लागतो. ३ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिन; त्याच दिवशी जुने गोवे येथे सेंट झेवियरचे फेस्त असते. दिनविशेष साधायचा म्हणून त्या दिवशी तिथे सहल नेली, तर व्हीलचेअर रस्त्यावरच अडकते. नोव्हेंबरअखेरीस नोव्हेना (फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू होतो, तेव्हापासूनच तिथे गर्दी असते. जानेवारीतली साधी मंगळवारची सकाळ पुष्कळ बरी.