जुन्या गोळीची कंबरदुखीवर चाचणी: परवानगी कुणाची, कागद कोणते, अडते कुठे

‘अमिट्रिप्टिलीन तर कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते, मग परवानगी कसली?’ जुनाट कंबरदुखीवर जुन्या गोळीची चाचणी घ्यायला निघालेले पदव्युत्तर विद्यार्थी हमखास असे विचारतात, आणि त्यांचे सिनॉप्सिस (प्रबंधाचे आराखडे) परत येतात ते बहुतेकदा याच समजुतीपायी. २०१९च्या नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार मंजूर औषध नव्या आजारासाठी वापरायचे ठरले, तर तेवढ्यापुरते ते ‘नवीन औषध’ धरले जाते. गोळी कितीही वर्षे बाजारात असो. अमिट्रिप्टिलीनला मंजुरी आहे ती नैराश्यासारख्या आजारांसाठी. कंबरदुखीसाठी डॉक्टर ती सर्रास लिहून देतात हे खरे, पण लिहून देणे वेगळे आणि चाचणी घेणे वेगळे.

तरीही बहुतेकांना दिल्लीतल्या केंद्रीय औषध नियंत्रकांपर्यंत जावे लागत नाही. त्याच नियमांतला नियम २८ ‘अकॅडमिक ट्रायल’ला सूट देतो. औषध भारतात आधीच मंजूर हवे, चाचणी संशोधकाने किंवा संस्थेने स्वतः सुरू केलेली हवी, एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) मंजुरी आधी हवी, आणि निष्कर्ष औषधाच्या विक्रीची मंजुरी मिळवायला किंवा जाहिरातीला वापरायचे नाहीत. वाचायला सोपे. फसगत शेवटच्या अटीत होते. कंपनी ‘सहकार्य’ म्हणून गोळ्या फुकट देते आणि करारात एक ओळ घालते की डेटा कंपनीलाही मिळेल. ती ओळ असेल तर चाचणी अकॅडमिक आहे हे कमिटीला पटवणे अवघड. गोळ्या घ्या, पण डेटा संस्थेचा राहील हे करारात स्पष्ट लिहून घ्या आणि कराराची प्रत अर्जाला जोडा. प्रत लपवली की संशय दुप्पट होतो.

चाचणी अकॅडमिक की नाही याबद्दल शंका असेल तर कमिटी केंद्रीय औषध नियंत्रकांना लेखी कळवते. इथे मुदतीचा घोळ होतो, कारण कामकाजाचे तीस दिवस दोनदा येतात. अर्ज मिळाल्यापासून कमिटीला आपले मत कळवायला कामकाजाचे तीस दिवस. कमिटीचे पत्र दिल्लीत पोहोचल्यापासून नियंत्रकांना उत्तर द्यायला आणखी तीस. या दुसऱ्या मुदतीत उत्तर आले नाही तर परवानगी लागत नाही असे गृहीत धरता येते. अर्जदार मात्र अर्जाच्या तारखेपासून महिना मोजतात आणि एकतिसाव्या दिवशी पहिला रुग्ण घेऊन मोकळे होतात. पत्र पोहोचल्याची पोच फायलीत असू द्या. ती नसेल तर दिवस कुठून मोजायचे यावरच वाद होतो. राज्याच्या एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे) खेपा घालू नका, ही परवानगी त्यांच्या हातात नाही.

चाचणी कंपनीची किंवा विक्रीच्या मंजुरीसाठी असेल तर रस्ता वेगळा: केंद्रीय औषध नियंत्रकांच्या सुगम पोर्टलवर सीटी-०४ नमुन्यात अर्ज, दुसऱ्या किंवा तिसऱ्या टप्प्यासाठी २ लाख रुपये शुल्क (सरकारी निधीवरच्या संस्थांना माफ), परवानगी सीटी-०६ नमुन्यात आणि तिची मुदत दोन वर्षे.

आता कागद. प्रोटोकॉल, बायोडेटा, विभागप्रमुखांची सही हे सगळे आणतात. अडते ते पुढच्या गोष्टींवर.

पहिली, प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तुलनेची गोळी. ‘दिसायला सारखी गोळी देऊ’ असे लिहून भागत नाही. ती कोण बनवणार, कोणत्या परवान्यावर, आणि तिचा विश्लेषण दाखला (गोळीत काय आहे हे तपासून दिलेला प्रयोगशाळेचा कागद) कुठे आहे? हा दाखला जवळपास कुणाकडेच नसतो. दोन्ही गोळ्या अपारदर्शक कॅप्सूलमध्ये घालणे हा एक मार्ग, पण मग वजन आणि हलवल्यावर येणारा आवाजही जुळला पाहिजे. अमिट्रिप्टिलीनची आणखी एक अडचण आहे. तोंडाला कोरड पडते, झोप येते, आणि कोणती गोळी चालू आहे हे रुग्ण आठवड्यात ओळखतो. मेलबर्नच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या १४६ जणांच्या चाचणीत म्हणूनच साधा प्लासिबो न देता तोंड कोरडे करणारे बेन्झट्रॉपिन दिले होते. तुमच्याकडे तशी सोय नसेल तर निदान ‘कोणती गोळी मिळाली असे वाटते?’ हा प्रश्न शेवटच्या भेटीत ठेवा.

दुसरी, नुकसानभरपाई. कंपनी नाही म्हणजे जबाबदार कुणी नाही, असे होत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा चाचणीत संशोधक किंवा संस्था हीच प्रायोजक ठरते. उपचार आणि भरपाईचा खर्च संस्था करील असे अधिष्ठात्यांच्या सहीचे हमीपत्र लागते, आणि ते मिळवायला सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण सही करायची कुणालाच घाई नसते. सुरुवात इथूनच करा.

तिसरी, संमतीपत्र. ‘यादृच्छिक दुहेरी-अंध चाचणी’ हे शब्द कंबर धरून बाकावर बसलेल्या शेतकऱ्याला काय सांगणार? ‘दोनपैकी कोणती गोळी मिळणार हे चिठ्ठी काढल्यासारखे ठरेल, ती कोणती हे तुम्हालाही कळणार नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही’ असे लिहा. प्रत्येक पानावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख हवी. रुग्णाला वाचता येत नसेल तर अंगठ्याशेजारी चाचणीशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही हवी. वॉर्डातल्या रेसिडेंटची चालत नाही.

रुग्णसंख्येबद्दल ‘३० आणि ३०, कारण गाइडने सांगितले’ हे उत्तर आता थांबायला हवे. शून्य ते दहा वेदनामापनावर दीड अंकाचा फरक शोधायचा असेल, प्रमाण विचलन (रुग्णारुग्णांच्या अंकांतला फैलाव) २.५ धरले आणि ८० टक्के शक्ती (खरा फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता) हवी असेल, तर प्रत्येक गटात ४४ लागतात. वीस टक्के गळती धरली की ५५, म्हणजे एकूण ११०. एका ओपीडीतून तेवढे मिळणार नसतील तर आताच दुसरे केंद्र जोडा. तिथे स्वतःची कमिटी नसेल तर त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या आतली चालते.

पात्रतेत ‘१२ आठवड्यांहून जास्त दुखणे’ एवढे पुरत नाही. मणक्याचा क्षय, कर्करोग, फ्रॅक्चर, लघवीवरचा ताबा सुटणे या गोष्टी आधी वगळलेल्या दाखवा. आपल्याकडे क्षयाची शंका नोंदवलेलीच नसली तर कमिटी थांबवणारच. अमिट्रिप्टिलीनसाठी ईसीजी, काचबिंदू, प्रोस्टेट आणि चालू असलेला ट्रामाडॉल यांची चौकशी लिहा.

मंजुरीनंतर सीटीआरआयवर (देशातल्या क्लिनिकल ट्रायलच्या सार्वजनिक नोंदवहीत) नोंदणी, आणि तीही पहिला रुग्ण घेण्याआधी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही. अर्ज भरल्यावर ‘आरईएफ’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो, तो फक्त पोचपावती असतो. पुष्कळ थिसिसमध्ये तोच नोंदणी क्रमांक म्हणून छापलेला दिसतो. खरा क्रमांक ‘सीटीआरआय’ने सुरू होतो आणि त्यांच्या शंकांना उत्तरे दिल्यावरच येतो. त्यासाठी दोन-तीन फेऱ्यांचा वेळ धरा, आणि तोवर रुग्णाच्या हाती एकही गोळी देऊ नका.