रुग्णशुल्क

रुग्णशुल्क : तपासणी वा उपचाराच्या वेळी रुग्णाने स्वतः भरावयाची रक्कम. खाजगी डॉक्टरची फी, सरकारी रुग्णालयातील केसपेपरचे पैसे आणि विमा असूनही रुग्णाच्या माथी राहणारा वाटा हे तिन्ही प्रकार यात मोडतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः शेवटच्या दोहोंविषयी आहे.

या शुल्काच्या समर्थनाचे मूळ सामान्यतः अर्थशास्त्रज्ञ मार्क पॉली यांच्या १९६८ मधील लेखात दाखवले जाते : सेवा फुकट मिळाली की तिचा वापर गरजेबाहेर वाढतो. तथापि ब्रिटनने १९५२ मध्येच औषधचिठ्ठीवर एक शिलिंग आकारणी सुरू केली होती, आणि तिच्यामागे खर्चाची ओढाताण होती. व्यवहार आधी व सिद्धांत नंतर, असा क्रम मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

सिद्धांताची कसोटी अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेच्या प्रयोगात (साधारण १९७४–८२) लागली. जोसेफ न्यूहाऊस यांच्या नेतृत्वाखाली सुमारे २,००० कुटुंबांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निरनिराळ्या विमा योजनांत वाटण्यात आले. रुग्णाचा वाटा ०, २५, ५० किंवा ९५ टक्के असे. मात्र वर्षाच्या खर्चाला उत्पन्नाच्या प्रमाणात कमाल मर्यादा होती. वाटा वाढला तशा भेटी घटल्या. सरासरी प्रकृतीवर फारसा परिणाम दिसला नाही, हे समर्थक आवर्जून सांगतात. पण गरीब व आधीच आजारी गटात, विशेषतः रक्तदाबाच्या बाबतीत, फुकट सेवेचा लाभ स्पष्ट होता; शिवाय अनावश्यक भेटींबरोबर आवश्यक भेटीही जवळपास सारख्याच गळाल्या. शुल्काच्या योजनांतून अधिक लोक मध्येच बाहेर पडल्याने निष्कर्ष शुल्काच्या बाजूने झुकले, हा अर्थशास्त्रज्ञ जॉन नायमन यांचा आक्षेप वादग्रस्त असला तरी दुर्लक्षिण्याजोगा नाही.

आफ्रिकेत खर्चाचा काही भाग रुग्णांकडून वसूल करण्याचे जागतिक बँकेचे धोरण व औषधांच्या शुल्कातून स्थानिक केंद्रे चालवण्याचा बामाको उपक्रम (दोन्ही १९८७) यांमुळे शुल्क पसरले. केनियात १९८९ च्या अखेरीस ते लागू होताच नैरोबीतील लैंगिक रोगांच्या एका संदर्भ दवाखान्यात पुरुषांची मासिक उपस्थिती पूर्वीच्या ४० टक्क्यांवर, स्त्रियांची ६५ टक्क्यांवर आली. युगांडाने २००१ मध्ये सरकारी केंद्रांतील शुल्क रद्द केले. जर्मनीतील डॉक्टरभेटीचे तिमाही १० युरोंचे शुल्क २००४ ते २०१२ इतकेच टिकले.

भारतात आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने (१९४६) पैशाअभावी कोणी उपचाराला मुकू नये असे म्हटले होते. उलट दिशेचे उदाहरण इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयाचे : तेथे नव्वदच्या दशकात रोगी कल्याण समितीने (रुग्णालयाचा कारभार पाहणारे मंडळ) शुल्क गोळा करून ते रुग्णालयातच खर्चण्याची पद्धत पाडली. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या व उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची व महापालिकांची रुग्णालये या विभागाच्या अखत्यारीत येत नाहीत. एसटीचे भाडे व बुडालेली मजुरी हा खर्च शुल्कमाफीनंतरही रुग्णाकडेच राहतो.