इंजिन ऑईल बघणे (जेसीबी, पोकलेन, ट्रॅक्टर)

जेसीबी, पोकलेन, ट्रॅक्टर असल्या मशीनच्या इंजिनात ऑईल किती आहे नि कसं आहे हे रोज सकाळी स्टार्टर मारायच्या आधी तपासणं म्हणजे ऑईल बघणे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मालक मराठी आणि ऑपरेटर कन्नड असला तरी शब्द ऑईलच, एवढ्यावरून तरी सीमाभागात भांडण नाही.

मशीन सपाट जागेवर पाहिजे. काडी (डिपस्टिक) काढायची, पुसायची, परत पूर्ण आत घालून काढायची, ऑईल दोन खुणांच्या मधे दिसलं की झालं. इंजिन आत्ताच बंद केलं असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, वरचं ऑईल खाली चेंबरमधे उतरू द्यायचं. जांबोटीकडच्या चढावर मशीन तिरकं लावून काडी बघितली तर ती खोटंच सांगणार की.

ऑईल कमी झालं तर सगळे घाबरतात, पण वाढलं तर कोणी बघत नाही, आणि खरं टेन्शन तिथंच आहे. न ओतता लेव्हल वर आली म्हणजे डिझेल नाहीतर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आत उतरतंय. डिझेल मिसळलं की ऑईल पातळ होऊन बेअरिंग खाल्ली जातात, पाणी मिसळलं की ऑईल दुधाच्या चहासारखं दिसतं, मग मशीन चालू करायचंच नाही, मिस्त्रीला बोलवायचं. नुसतं काळं झालं म्हणून मात्र घाबरू नका, डिझेल इंजिनात काजळी ऑईलमधे धरून ठेवणं हे ऑईलचं कामच आहे, नवं ऑईल पण थोड्या दिवसात काळं होतंच.

म्हणून बदलायचं ते रंग बघून नाही, अवर मीटर (इंजिन किती तास चाललं ते दाखवणारा काटा) बघून. साधारण 250 किंवा 500 तास, मशीनच्या पुस्तकात असेल तसं. ग्रेड, म्हणजे ऑईलचा घट्टपणा, बहुतेक ठिकाणी 15डब्ल्यू-40. खडी क्रशरवर किंवा खानापूरच्या लाल धुळीत काम असेल तर लवकर बदललेलं बरं, आणि एअर फिल्टर आधी बघा, तिथून धूळ आत गेली की लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) आणि पिस्टनच्या रिंगा घासतात, मग इंजिन ऑईल खायला लागतं नि कितीबी ओतलं तरी पुरत नाही. पावसाळ्यात मशीन महिनोन्महिने उभं असतं, तास वाढत नाहीत पण आत दमट हवेचं पाणी धरतं, त्यामुळं तास नाही भरले तरी वर्षाला एकदा बदलायचंच.

जुनं ऑईल इंजिन कोमट असताना सोडायचं, म्हणजे गाळ पण निघतो. फिल्टर सोबतच बदलायचा, त्याच्या रबराला नवं ऑईल लावून हातानंच आवळायचा, पाना लावला की पुढच्या वेळी निघता निघत नाही.

निघालेलं जळकं ऑईल सर्रास सेंट्रिंगच्या (काँक्रीट ओतायच्या साच्याच्या) फळ्यांना लावलं जातं. कायद्यानं ते धोकादायक कचऱ्यात येतं (2016 चे नियम), परवाना असलेल्या रिसायकलरलाच द्यायला पाहिजे, पण साईटवर डब्बा भरला की सेंट्रिंगवाला आधी येऊन उभा.